ॲपमध्ये रोज १२०० कॅलरी, आणि काटा दोन महिने ७४ वरच

प्रश्न: मी ४३ वर्षांची, नाशिकला बँकेत नोकरी करते. उंची ५ फूट २ इंच, वजन ७८ होतं. चार महिन्यांपूर्वी फोनवर कॅलरी मोजायचं ॲप घेतलं, त्याने १२०० चं टार्गेट दिलं, पहिल्या दोन महिन्यांत ४ किलो उतरले आणि तेव्हापासून काटा ७४ वरच अडकलाय. एकही दिवस एंट्री चुकवलेली नाही. सकाळी ४५ मिनिटं चालते, घड्याळ ३०० कॅलरी दाखवतं आणि ॲप तेवढ्या वाढवून देतं. घरी सासू-सासरे, मिस्टर आणि बारावीतला मुलगा, स्वयंपाक मी आणि सासूबाई मिळून करतो. घरच्या आमटी-उसळीचा हिशोब लागत नाही म्हणून संध्याकाळी पाकिटातलं हाय फायबर बिस्कीट वगैरे घेते, ते निदान स्कॅन होतं. झोपायला साडेअकरा होतात, पाचला उठते. थायरॉइडची गोळी तीन वर्षं चालू आहे. ऑफिसमधल्या मैत्रिणीचं दोन वेळा जेवायच्या डाएटवर ७ किलो कमी झालं, ती म्हणते कॅलरी मोजणं बोगस आहे, सगळा खेळ इन्सुलिनचा. जिमला जाणारा भाचा म्हणतो, मावशी हे फिजिक्स आहे, तू कुठेतरी चोरून खात असणार. ते फार लागलं मनाला. नक्की खरं काय?

उत्तर:

ताई, भाच्याच्या त्या वाक्यापासूनच सुरुवात करते कारण पत्रात सगळ्यात जास्त तेच दुखतंय. तुम्ही चोरून खात नाही. पण पोटात जे जातंय ते १२०० नाहीये, त्याच्यापेक्षा बरंच जास्त आहे. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असतात आणि कशा ते मला नीट सांगायचंय, कारण कितीतरी जणी नेमक्या याच टप्प्यावर "माझंच शरीर असं" किंवा "माझ्यातच जिद्द नाही" म्हणून सगळं सोडून देतात.

आधी मुद्द्याचं. शरीर खर्च करतं त्यापेक्षा कमी ऊर्जा आत गेल्याशिवाय चरबी कमी होत नाही, इथे भाचा बरोबर आहे, आणि मैत्रिणीचे ७ किलो पण असेच गेलेत, तिने मोजलं नाही एवढंच. पण त्यावरून "मग फक्त आकडा पाळ, वजन उतरेल" असं म्हणणं चूक आहे. तुम्ही बँकेत आहात म्हणून तुमच्याच भाषेत सांगते, खात्यात जमा कमी केली म्हणून ग्राहकाचा खर्च आपोआप कमी होत नाही, शरीरात मात्र होतो. जमा कमी केली की खर्च हलतो, काय खाल्लं त्याप्रमाणे भूक हलते, झोप कमी पडली की वजन चरबीतून जातंय की स्नायूंतून तेही बदलतं. आणि मुळात जमेचा जो आकडा ॲप दाखवतंय तोच अंदाजपंचे असतो.

त्या अंदाजाचंच आधी बघू, तुमचं मुख्य उत्तर तिथेच आहे असं मला वाटतं. १९९२ साली अमेरिकेत एक अभ्यास झाला होता, त्यात अशी माणसं घेतली होती जी म्हणत की आम्ही १२०० च्या आतच खातो तरी वजन हलत नाही. त्यांनी लिहून दिलेलं खाणं सरासरी १००० च्या आसपास होतं, प्रत्यक्षात शरीराने वापरलेल्या ऊर्जेवरून मोजलं तर २००० च्या वर निघालं. त्यांचा मेटाबॉलिझम (शरीराचा ऊर्जा खर्च करायचा वेग) नॉर्मल होता आणि ती माणसं खोटारडी पण नव्हती, त्यांना खरंच तसं वाटत होतं. माणसाला स्वतःच्या ताटातलं मोजता येत नाही, आणि आपल्या स्वयंपाकात तर अजिबातच नाही, कारण आपल्याकडे खरी कॅलरी फोडणीत असते.

एक साधा हिशोब करून बघा. वजन-काटा काही नको. तुमच्याकडे पाच माणसांना महिन्याला किती तेल लागतं? समजा पाच लिटरचा एक कॅन संपतो, म्हणजे माणशी महिन्याला एक लिटर. एका लिटरमध्ये साधारण ८२०० कॅलरी असतात, भागिले ३०, म्हणजे दिवसाला माणशी २७० कॅलरी नुसत्या तेलाच्या! आता ॲप उघडा आणि कालच्या एंट्रीमध्ये तेल किती टाकलंय बघा. बहुतेक काहीच नसेल, कारण तुम्ही "मटकी उसळ, १ वाटी" अशी एंट्री केली असणार आणि ती कोणाच्या घरची उसळ, तिला पळीभर तेल होतं की दोन चमचे, ते ॲपला कुठून कळणार. तसंच पोळीचं. ॲपमध्ये चपाती बहुतेक ७०-८० कॅलरीची असते, ती पातळ फुलक्याच्या मापाची. आपली घडीची पोळी, किलोभर कणकेच्या साधारण २५ होतात म्हणजे एका पोळीला ४० ग्रॅम कणीक, त्याचेच १३५-१४० झाले, घडीत लावलेलं आणि वरून सोडलेलं तेल धरलं तर १८० पर्यंत जाते. दिवसाला चार पोळ्या म्हटलं तर इथेच ४०० चा फरक पडला (त्यातलं तेल वरच्या २७० मध्ये आलंच, दोनदा धरू नका). मग भाजीतलं आणि कोशिंबिरीतलं दाण्याचं कूट, दोन मोठे चमचे म्हणजे शंभरेक कॅलरी. आणि उपवास! १०० ग्रॅम साबुदाणा, त्यावर मूठ-दीड मूठ कूट, दोन मोठे चमचे तूप, ही एक भरलेली बशी खिचडी ८०० च्या घरात जाते, आणि दिवस "आज काही खाल्लंच नाही" असा आठवतो.

मी हे तुम्हाला पकडायला सांगत नाहीये. तुमच्या उंची-वजनाच्या, बैठं काम आणि वर थोडं चालणं असलेल्या बाईचा दिवसाचा खर्च ढोबळमानाने १६००-१७५० असतो. दोन महिने वजन अजिबात हललं नाही म्हणजे आत पण तेवढंच जातंय. तुम्ही लिहिलेले १२०० आणि हे १६०० यांच्यामधली तफावत म्हणजेच फोडणी, घडीची पोळी, कूट आणि घड्याळाने "बक्षीस" दिलेल्या ३०० कॅलरी.

त्या घड्याळाबद्दल पण बोलायलाच हवं. २०१७ साली स्टॅनफर्डमध्ये मनगटावरची सात यंत्रं तपासली होती, हृदयाचे ठोके बहुतेकांनी चांगले मोजले, पण खर्च झालेल्या कॅलरीत सगळ्यात चांगल्या यंत्राची चूक सरासरी २७ टक्के आणि सगळ्यात वाईटाची ९३ टक्के! तुमच्या वजनाला ४५ मिनिटं बऱ्यापैकी वेगाने चालल्याचे, नुसतं बसून राहिला असतात तर झाले असते ते वजा करून, दीडशेच्या आसपास होतील. आणि ॲप तुम्हाला त्याचे ३०० खायला देतंय. ही सेटिंग आजच बंद करा, व्यायामाच्या कॅलरी परत खायच्या नाहीत. चालणं मात्र सोडू नका, त्याचे फायदे काट्यापेक्षा खूप मोठे आहेत, रक्तदाब, साखर, मूड, सगळ्याला ते लागतं.

आता पाकिटाचं. तुम्ही लिहिलंय की घरच्या आमटीचा हिशोब लागत नाही म्हणून स्कॅन होणारं घेता. ताई, मला पूर्ण पत्रात सगळ्यात काळजी वाटली ती या वाक्याची. कारण मोजायला सोपं म्हणून तुमचं खाणं हळूहळू घरच्या जेवणाकडून पाकिटाकडे सरकतंय, आणि कॅलरी सोडून बाकी सगळ्या बाबतीत हा तोट्याचा सौदा आहे. अमेरिकेच्या नॅशनल इन्स्टिट्यूट्स ऑफ हेल्थमध्ये केविन हॉल यांनी २० जणांना चार आठवडे तिथेच ठेवून घेतलं होतं, दोन आठवडे कारखान्यात तयार झालेलं अल्ट्रा प्रोसेस्ड खाणं आणि दोन आठवडे साधं, कमी प्रक्रिया केलेलं. समोर ठेवलेल्या ताटात कॅलरी, साखर, फॅट, फायबर, मीठ सगळं सारखंच, आणि सांगितलं की हवं तेवढं खा. तर पाकीटवाल्या दोन आठवड्यांत तीच माणसं दिवसाला सुमारे ५०० कॅलरी जास्त खात होती आणि जवळजवळ एक किलो वाढली, साध्या खाण्यावर तेवढीच उतरली. हे २०१९ चं. म्हणजे बिस्किटाच्या पाकिटावर फायबर लिहिलेलं असलं तरी चार बिस्किटांनी पोट भरत नाही, तास-दीड तासात परत काहीतरी शोधायला लागता, आणि तीच भूक रात्री स्वयंपाक करताना हात दाण्याच्या डब्याकडे नेते. शिवाय स्कॅन केलेला आकडा अगदी अचूक असतो असंही नाही, अमेरिकेत लेबलपेक्षा २० टक्के जास्त निघालं तरी नियमात बसतं, आणि लेबलचं मूळ गणितच (प्रोटीन आणि कार्बला ग्रॅममागे ४, फॅटला ९) १९ व्या शतकातल्या ॲटवॉटर नावाच्या शास्त्रज्ञाच्या सरासरीवर उभं आहे. अख्ख्या बदामांचं २०१२ साली नीट मोजलं तेव्हा २८ ग्रॅमला लेबलवरच्या १७० ऐवजी १२९ च कॅलरी शरीराला मिळताना दिसल्या, कारण दाताखाली पूर्ण न फुटलेल्या कणांतलं तेल तसंच बाहेर जातं. त्याच बदामाची बारीक पेस्ट केली की जास्त मिळतात. म्हणजे आकडा पदार्थाचा असला तरी शरीर तो जसाच्या तसा घेत नाही.

प्रोटीनचं पण तसंच. ते पचवण्यातच त्यातल्या २०-३० टक्के कॅलरी जातात, कार्बच्या ५-१०, फॅटच्या अगदीच कमी. आणि प्रोटीनने पोट जास्त वेळ भरलेलं राहतं, माझ्या मते हा त्याचा खरा फायदा आहे.

खर्चाची बाजू कशी हलते ते सांगते, म्हणजे भाच्याच्या "फिजिक्स"चं उत्तर पूर्ण होईल. १९९९ साली जेम्स लेव्हिन आणि सहकाऱ्यांनी १६ जणांना आठ आठवडे रोज गरजेपेक्षा १००० कॅलरी जास्त दिल्या, सगळ्यांना सारख्याच. एकाची चरबी फक्त ०.३६ किलो वाढली, आणि एकाची ४.२३ किलो! काही माणसं जास्त खाल्लं की नकळत जास्त हलतात, उठबस करतात, उभी राहतात, चुळबुळ करतात, आणि काही नाही करत. डाएटवर याच्या उलट होतं. कमी खाल्लं की आपण लिफ्ट घेतो, सोफ्यावर जास्त बसतो, मुलाला "जरा पाणी दे रे" म्हणतो, आणि हे कुठल्याच ॲपमध्ये लिहिलं जात नाही. टोकाचं उदाहरण अमेरिकेतल्या वजन उतरवायच्या एका टीव्ही स्पर्धेचं, तिथल्या १४ स्पर्धकांची सहा वर्षांनी तपासणी झाली तेव्हा त्यांचं शरीर विश्रांतीत, अपेक्षेपेक्षा दिवसाला ५०० कॅलरी कमी खर्च करत होतं. घाबरू नका, त्यांनी काही महिन्यांत पन्नास-साठ किलो उतरवले होते, तुमचं ४ किलोचं प्रकरण आहे, तुमच्याकडे हा परिणाम थोडासाच असणार. पण तो असतो, म्हणून "अजून कमी खा, १००० करा" हा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. १२०० सुद्धा तुमच्यासाठी कमीच आहे. ते पाळलं जात नाहीये हे एका अर्थाने बरंच झालं, खरंच पाळलं असतंत तर केस, पाळी, मूड आणि स्नायू सगळ्याला फटका बसला असता.

आणि "चाळिशीनंतर मेटाबॉलिझम मंदावतो" हेही कोणी ना कोणी तुम्हाला सांगितलं असेलच. २०२१ मध्ये सहा हजारांच्या वर लोकांची मोजणी प्रसिद्ध झाली, त्यात शरीराचा आकार आणि स्नायू लक्षात घेतले तर २० ते ६० वयात खर्च जवळजवळ तेवढाच राहतो असं दिसलं. चाळिशीत बदलतं ते बाकीचं असतं, खुर्चीतली नोकरी, कमी होत जाणारे स्नायू, बारावीतला मुलगा आणि तुटकी झोप.

तुमच्या झोपेवर म्हणूनच मी अडून बसणार आहे. साडेअकरा ते पाच म्हणजे साडेपाच तास. २०१० मध्ये शिकागोला दहा जणांवर एक प्रयोग झाला, कॅलरी तेवढ्याच, एकदा साडेआठ तास झोपायला दिले आणि एकदा साडेपाच. १४ दिवसांत दोन्ही वेळा वजन साधारण तेवढंच उतरलं, ३ किलोच्या आसपास, पण कमी झोपेत त्यातली चरबी निम्म्याहून कमी होती, बाकी सगळं स्नायूंतून वगैरे गेलं. छोटा प्रयोग आहे, मान्य, पण विचार करा की कॅलरीचा आकडा सारखा, काट्यावरचा आकडा सारखा, आणि शरीरात घडलेली गोष्ट मात्र पूर्ण वेगळी. मुलगा बारावीला आहे म्हणून आईने पण जागायचं ही आपल्याकडची पद्धत झालीये, त्याला दूध-बिस्कीट करून देऊन तुम्ही साडेदहाला आडव्या व्हा, तो अभ्यास करेल. सकाळचा डबा पाच ऐवजी साडेपाचला सुरू करता येईल का, भाजी रात्री चिरून ठेवायचं काम मिस्टरांकडे देता येईल का, हे घरात बसून बोला. हे मी गंमत म्हणून लिहीत नाहीये, वजनाच्या सल्ल्यात घरातली कामं कोण करतं हा प्रश्न येतोच.

मैत्रिणीचं राहिलं. डॉ. जगन्नाथ दीक्षितांमुळे दोन वेळा जेवायचं, ५५ मिनिटांत संपवायचं आणि मधे काही नाही, ही पद्धत महाराष्ट्रात घराघरात पोचली आणि बऱ्याच लोकांचं वजन त्याने उतरतं, यात वाद नाही. उतरतं कारण मधला सगळा कारभार बंद होतो, चार वेळचा साखरेचा चहा, त्यासोबतची बिस्किटं, कोणाच्या वाढदिवसाचा केक, पाच वाजताचा वडापाव. तिला आकडा लिहावा लागत नाही, नियम एकच आणि सोपा, म्हणून पाळला जातो, आणि तिला ते जमतंय तर तिने खुशाल करावं. पण "सगळा खेळ इन्सुलिनचा", म्हणजे रक्तातली साखर सांभाळणाऱ्या हार्मोनचा, हे तेवढं खरं नाही. २०१८ मध्ये स्टॅनफर्डच्या क्रिस्टोफर गार्डनर यांच्या अभ्यासात ६०९ जणांना वर्षभर दोन गटांत ठेवलं, एकाला फॅट कमी, एकाला कार्ब कमी, कॅलरी मोजायला कोणालाच सांगितलं नव्हतं, भाज्या आणि घरी केलेलं साधं अन्न खा, साखर-मैदा टाळा एवढंच. दोन्ही गटांचं वजन ५ ते ६ किलोनी उतरलं, आणि कोणाच्या शरीरात इन्सुलिन किती वाढतं त्यावरून कुठलं डाएट चालेल हे काही ठरवता आलं नाही. मला त्या अभ्यासातलं सगळ्यात महत्त्वाचं हे वाटतं की एकाच गटात काहींचे वीस-पंचवीस किलो गेले आणि काहींचं उलट वाढलं. तेव्हा तिचे सात आणि तुमचे चार याची तुलना करून रडत बसू नका. (मधुमेहाची औषधं किंवा इन्सुलिन चालू असेल तर मात्र जेवणाच्या वेळा डॉक्टरांना विचारल्याशिवाय बदलायच्या नाहीत, हे कोणी वाचत असेल त्यांच्यासाठी.)

तर आता तुम्ही करायचं काय. ॲप काढून टाका असं मी म्हणणार नाही, दोनच आठवडे अजून ठेवा, पण उलट्या बाजूने वापरा. टार्गेट १५०० करा आणि ताटातल्या वाट्या मोजत बसण्यापेक्षा ओट्यावरचं मोजा. महिन्याचं तेल एका वेगळ्या बाटलीत काढून ठेवा, पाच माणसांना तीन लिटर. सासूबाईंना "तेल कमी घाला" म्हणालात तर त्यांच्या हातच्या चवीवर बोट ठेवल्यासारखं होईल, त्यापेक्षा "आई, या महिन्यात एवढ्यात बसवून बघूया का, बाबांच्या पण तब्येतीला बरं" असं म्हणा, त्यांना ते तुमच्यापेक्षा चांगलं जमेल, कुठल्या भाजीला किती लागतं हे त्यांच्या हाताला माहीत असतं. पाचाचं तीन झालं की तुमच्या वाटणीचे दिवसाला शंभराच्या वर कमी झाले, कुठलीही एंट्री न करता, आणि घरातल्या सगळ्यांचेच.

संध्याकाळचं बिस्कीट बंद, त्या जागी उकडलेले हरभरे, मोड आलेली मटकी कांदा-लिंबू घालून, एखादं अंडं चालत असेल तर अंडं, नाहीतर घट्ट दही. दिवसाला साठ ग्रॅमच्या आसपास प्रोटीन जमायला हवं आणि आपल्या पातळ वरणाने ते होत नाही, वरण घट्ट करा, उसळ चमचाभर नको तर वाटीभर घ्या, सोयाबीन किंवा पनीर आठवड्यातून दोन-तीनदा. दाण्यात प्रोटीन असतं हे खरं, पण १०० ग्रॅमला साडेपाचशेच्या वर कॅलरी पण असतात, त्यामुळे दाण्यांवर प्रोटीनची भिस्त ठेवू नका. आणि भाकरी म्हणजे हलकी असं काही नसतं, ज्वारीच्या पिठाला ग्रॅममागे जवळपास कणकेएवढ्याच कॅलरी, फायदा असा की तिच्यात तेल जात नाही आणि दोन घास आधी पोट भरतं.

भाच्याकडून एक काम करून घ्या. त्याला सांगा की चोरून खाते म्हणालास ते मला आवडलं नाही, आता प्रायश्चित्त म्हणून आठवड्यातून दोन दिवस अर्धा तास घरी येऊन मला स्क्वॉट आणि डंबेल शिकव. हे नुसतं रागावणं नाही, तुम्हाला त्याची खरीच गरज आहे. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचा आणि जॉन युडकिन या ब्रिटिश सहकाऱ्याचा शेजारी शेजारी उभा फोटो छापला होता, दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) सारखाच, २२.३, आणि चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के तर याज्ञिकांची २१.२ टक्के. आपल्या लोकांत तेवढ्याच वजनात चरबी जास्त आणि स्नायू कमी असतात, म्हणून आपण नुसतं कमी खाऊन काटा खाली आणला तर आधीच कमी असलेले स्नायू अजून जातात. वजन उचलायला लागलात की काटा पहिले काही आठवडे हलणारही नाही कदाचित, म्हणून कंबर मोजा, टेप घेऊन, बेंबीच्या पातळीवर, दर पंधरा दिवसांनी. भारतीय बायकांसाठी ८० सेंटीमीटरच्या आत चांगली मानतात, तुम्ही बहुतेक त्याच्या वर असाल, पण ती एका महिन्यात दोन सेंटीमीटर जरी कमी झाली तरी काटा काय म्हणतोय याची फिकीर करू नका. काट्यावर रोज चढत असाल तर पाळीच्या आधी एक-दोन किलो पाणी वाढतं, लग्नातल्या जेवणानंतर मिठामुळे वाढतं, ते चरबीचं नसतं.

थायरॉइडच्या गोळीबद्दल. थायरॉइड कमी असल्याने जे वजन वाढतं ते सहसा दोन ते पाच किलोच्या आत असतं आणि त्यात बरंचसं पाणी असतं, गोळी नीट चालू असेल तर सगळं खापर त्याच्यावर फोडता येत नाही. पण ती "नीट" चालू आहे का ते बघा, सकाळी उपाशीपोटी साध्या पाण्याबरोबर, चहाच्या अर्धा ते एक तास आधी, आणि कॅल्शियम किंवा लोहाच्या गोळ्या असतील तर त्यांच्यात चार तासांचं अंतर. पाचला उठल्या उठल्या चहासोबत गोळी घेत असाल तर ती पूर्ण लागूच पडत नसेल. शेवटचं टीएसएच (थायरॉइडची रक्ततपासणी) कधी केलं होतं? सहा महिन्यांच्या वर झाले असतील तर करून घ्या, सोबत हिमोग्लोबिन आणि तीन महिन्यांची साखर पण बघा, आणि घोरणं, खूप थकवा, पाळीत मोठा बदल, चेहऱ्यावर केस यातलं काही असेल तर तेही डॉक्टरांना सांगा. ॲलर्जी किंवा दम्यासाठी स्टिरॉइड, किंवा नैराश्याची, फिटची औषधं चालू असतील तर त्यांनी पण वजन वाढतं, पण ती परस्पर बंद करायची नाहीत.

दोन आठवडे झाले की ॲपमधली एंट्री थांबवा. तेलाची बाटली, झोप, प्रोटीन आणि भाच्याचे दोन दिवस एवढंच सांभाळा, आणि तीन महिन्यांनी मला परत लिहा, पण वजन नका लिहू, कंबर किती, टीएसएच किती आणि किती किलोचा डंबेल उचलताय ते लिहा.